दंड भरून खाल्लेलं मांस

सोयसॉस, साखर, किसलेली नासपती, ठेचलेला लसूण, कांद्याची पात, मिरपूड आणि तिळाचं तेल. गोमांसाचे पातळ काप यात मुरवायचे आणि कढत तव्यावर दोन-चार मिनिटं परतायचे. कोरियातल्या घरांत बुलगोगी साधारण अशीच होते. वाढदिवसाला होते, पाहुणे आले की होते, सणाला तर होतेच. तिचा वंश थेट गोगुर्यो राज्यापर्यंत, म्हणजे दीड-दोन हजार वर्षं मागे नेण्याची तिथे पद्धत आहे. त्या काळी मसाला लावून भाजलेल्या मांसाला मेक्जोक म्हणत, आणि तीच बुलगोगीची पूर्वज, असं सांगतात. असेलही. पण मधले दुवे फार विरळ आहेत. आजच्या पदार्थाची जडणघडण कळायची तर जोसॉन राजवटीतल्या सोलच्या खाटकांकडे जाणं जास्त फायद्याचं.

जोसॉन राजांनी 1392 ते 1910 राज्य केलं. त्यांच्या राज्यात तीन गोष्टींवरची बंदी प्रसिद्ध होती: गुरं कापायची नाहीत, दारू गाळायची नाही, पाइनची झाडं तोडायची नाहीत. गुरांवरच्या बंदीत धर्माचा भाग थोडा आणि शेतीचा जास्त. भातशेतीचं राज्य, नांगराला बैल नसेल तर गावच उपाशी. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल घालणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

बंदी होती आणि मांसही खाल्लं जात होतं. बैल पडला, त्याचा पाय मोडला, आता तो कामाचा नाही, ही सबब लोकांच्या तोंडी तयार असे. सोलमध्ये तर व्यवस्थाच लागलेली होती. सोंग्युनग्वान हे कन्फ्यूशियस परंपरेचं राज्यातलं सर्वोच्च विद्यापीठ. त्याच्या आजूबाजूच्या वस्तीला बानचोन म्हणत. तिथले लोक पिढ्यानपिढ्या विद्यापीठाच्या चाकरीत असत. कन्फ्यूशियसच्या पूजेला आणि विद्यार्थ्यांच्या पंगतीला मांस लागे, म्हणून गुरं कापण्याची मुभा त्यांना मिळाली. उरलेलं मांस विकायला त्यांनी शहरात ह्यॉनबांग नावाची दुकानं थाटली. आता कायद्याने गुन्हा तर घडतच होता. म्हणून हे दुकानदार न्याय आणि देखरेखीच्या तीन कचेऱ्यांना ठरलेला दंड नेमाने भरत, आणि त्या दंडातून कचेऱ्यांतल्या हाताखालच्या लोकांचा खर्च भागे. बंदी उठली असती तर सगळ्यात आधी ओरडले असते ते बंदीचे अंमलदार!

असं मिळणारं मांस बऱ्याचदा राबून म्हाताऱ्या झालेल्या जनावराचं, म्हणजे चिवट. शिवाय महाग, म्हणून थोडं. स्वयंपाकघराने त्यावर जो उपाय काढला तो नोबिआनी. मांसाचे रुंद, पातळ काप करायचे, सुरीने त्यांवर बारीक आडव्या-उभ्या चिरा द्यायच्या, सोयसॉसच्या मसाल्यात मुरवायचे आणि निखाऱ्यावर भाजायचे. चिरांमुळे तंतू तुटतात, मसाला आत शिरतो आणि म्हाताऱ्या बैलाचं मांसही दाताखाली नरम येतं. नासपतीच्या रसातली विकरंही प्रथिनं तोडून हेच काम करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ‘शिउइजॉनसॉ’ या पाककृतींच्या हस्तलिखितात नोबिआनी आहे. राजवाडा आणि बड्या घराण्यांचा हा पदार्थ. गरिबाच्या घरी तो क्वचितच शिजत असणार.

हिवाळ्यातली मजा मात्र चुलीबाहेरची. हाँग सोक-मो याने 1849 मध्ये वर्षभराच्या रूढींची नोंद करणारा ‘दोंगगुक सेसिगी’ हा ग्रंथ लिहिला. त्यात दहाव्या महिन्यातल्या सोलचं वर्णन येतं: शेगडीत कोळसे फुलवलेले, वर लोखंडी तवा, तेल, सोयसॉस, अंडी, कांदा, लसूण, मिरचीची पूड लावलेलं गोमांस आणि भोवती कोंडाळं करून बसलेले लोक. या बैठकीला नाल्लोहे म्हणत. त्यासाठी एक खास भांडं होतं, शिपायाची रुंद काठाची टोपी उलटी ठेवावी तसं. काठावर मांस भाजायचं, मधल्या खळग्यात रस्सा आणि भाज्या उकळायच्या. चित्रकार सोंग ह्योप याच्या चित्रात अशीच एक मंडळी शेगडीभोवती बसलेली दिसते.

विसाव्या शतकात बुलगोगी हे नाव गाजलं ते उत्तरेकडच्या प्योंगयांगमुळे. तिथल्या मोरान टेकडीवर वसंतात सहलीला येणारे लोक उघड्यावरच मांस भाजत. त्याचा धूर आणि वास इतका वाढला, की 1935 मध्ये तिथे बाहेर मांस भाजायला मनाई झाल्याची बातमी ‘दोंग-आ इल्बो’ दैनिकात आली.

कोरियावरची जपानी राजवट 1945 मध्ये संपली, देशाची फाळणी झाली आणि उत्तरेकडची माणसं आपली चव घेऊन सोलला आली. 1946 मध्ये सुरू झालेलं उरेओक हे त्यांतलंच उपाहारगृह. थंडगार नूडल्स आणि बुलगोगी ही त्याची ओळख. 1939 पासूनचं हानिलग्वान तर शहरात आधीच जम बसवून होतं.

पुढचा बदल कारखान्यांनी घडवला. कोरियन युद्ध थांबलं त्याच वर्षी, 1953 मध्ये, बुसानला जेइल जेदांग कंपनीने साखर काढायला सुरुवात केली. एके काळी चैनीची असलेली साखर हळूहळू साध्या घरांच्या डब्यात आली आणि बुलगोगी गोड होत गेली. मांस कापणारी यंत्रं आली, गोठवलेलं मांस हाताने जमणार नाही इतकं पातळ सुटू लागलं, आणि नोबिआनीच्या चिरा देण्याची गरजच उरली नाही. 1960 च्या दशकात सोलमध्ये नवं भांडं रुळलं. ते जुन्या टोपीच्या बरोबर उलट: मधे भोकं पाडलेला घुमट, त्यावर मांस, आणि कडेच्या पन्हळीत गोडसर रस्सा. घुमटावरून ओघळलेला रस त्यात मिसळतो, त्यातच कांदा, अळंबी, रताळ्याच्या पिठाच्या शेवया शिजतात आणि शेवटी तो भातावर ओततात. मूठभर मांसात अख्खं कुटुंब जेवतं. गोमांस महाग असलेल्या देशात हा हिशेब फार मोलाचा होता, आणि बुलगोगी घराघरांत टिकली त्यात चवीइतकाच या हिशेबाचाही वाटा आहे.

सगळ्यांनी सोलची पद्धत उचलली नाही. उल्सानजवळच्या ऑनयांगमध्ये आणि दक्षिणेच्या क्वांगयांगमध्ये आजही रस्सा नाही, निखाऱ्यावरची जाळी आहे. घरात मात्र निखारे कोण पेटवणार? तिथे गॅस आणि साधा तवा. देशी हानवू गाईचं मांस न परवडणारे ऑस्ट्रेलियाचं किंवा अमेरिकेचं घेतात, नाहीतर तोच मसाला डुकराच्या मांसाला लावतात. 1992 मध्ये लोत्तेरिया या फास्ट-फूड साखळीने पावात घातलेली बुलगोगीही विकायला काढली.

आणि नोबिआनी? जोसॉन दरबाराच्या पाककलेला 1971 मध्ये राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. त्या परंपरेत ती अजून शिकवली जाते. सुपरमार्केटात मात्र याच नावाने खिम्याच्या गोठवलेल्या टिक्क्या मिळतात, आणि आया त्या तळून मुलांच्या डब्यात देतात.