डोळे येणे : एका साथीची नावे

'डोळे येणे' हा मराठीतला मोठा विलक्षण शब्दप्रयोग आहे. ताप येतो, देवी येतात, त्याच चालीवर डोळेही येतात. 'डोळे जाणे' म्हणजे मात्र बरे होणे नव्हे, दृष्टी गमावणे. रोग कोठून आला, कोणी आणला, याविषयी हा शब्दप्रयोग काहीच बोलत नाही. अन्यत्र या आजाराला मिळालेली नावे पाहिली म्हणजे हे मौन विशेष जाणवते.

१९६९ साली घानामध्ये डोळ्यांची एक नवी साथ उसळली. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त साकळे. त्याच सुमारास 'अपोलो ११' चंद्रावर उतरले होते, म्हणून लोकांनी रोगाला 'अपोलो' म्हटले. १९७० मध्ये साथ जावा-सिंगापुरात होती. १९७१ मध्ये ती भारतात आली. तेव्हा पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडे आले होते. बंगालमध्ये रोगाचे नाव पडले 'जय बांगला'. स्वातंत्र्याची घोषणा अशी लाल डोळ्यांना चिकटली, आणि आफ्रिकेतून निघालेल्या साथीचा ठपका छावणीतल्या माणसांवर बसला. विनोद म्हणून हे नाव आजही सांगितले जाते. त्यातला दंश कुणी फारसा लक्षात घेत नाही.

साथ मुंबईतही पोचली. डोळे बरे झाल्यानंतर काही दिवसांनी मोजक्या रुग्णांच्या पायांतील बळ गेल्याचे डॉ. नोशीर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवले; त्यांचा लेख १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. या साथीतला विषाणू, एन्टेरोव्हायरस ७०, पोलिओच्याच कुळातला होता. असे रुग्ण विरळाच, पण 'आठवड्यात आपोआप जाते' या बेफिकिरीला ही नोंद पुरेशी आहे.

जुलै २०२३ मध्ये आळंदीत एकत्र राहून शिकणाऱ्या मुलांमध्ये साथ पसरली आणि पुढे राज्यभर रुग्ण लाखांवर गेले. परभणी, गंगाखेड, जिंतूर येथील वसतिगृहांतले जगणेही तसेच : एक पंचा, एक बादली, दाटीवाटीच्या खाटा. आपल्याकडे अजूनही समज असा, की आलेल्या डोळ्यांकडे पाहिले की आपलेही येतात. काळा चष्मा त्यासाठीच घालतात म्हणे! वस्तुतः चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो आणि हात डोळ्यांकडे जात नाही, इतकेच. रोग नजरेने जात नाही, हाताने जातो. म्हणून साबणाने वरचेवर हात धुणे, पंचा-उशी वेगळी ठेवणे, थेंबांची बाटली कुणाला न देणे आणि डोळे गळत असेपर्यंत वर्गात न येणे, हेच खरे उपाय.

ओळख सोपी आहे : लाली, पाणी, वाळू गेल्यासारखे खुपणे, सकाळी चिकटलेल्या पापण्या. पाणी पातळ असेल तर बहुधा विषाणू, घट्ट पू असेल तर बहुधा जिवाणू. दोन्हींत आईचे दूध, तुरटीचे पाणी किंवा दुकानदाराने दिलेले स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत. दृष्टी अंधुक झाली, तीव्र वेदना असल्या किंवा उजेड मुळीच सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.