साडेतीन मिनिटांचा राग

दांडीवर रचलेल्या तबकड्या एकेक करून खाली सोडणारा रेकॉर्ड-चेंजर ही पाश्चात्त्य सिंफनीची सोय. अनेक तबकड्यांत तुटलेली रचना तो सांधून देई. कोल्हापुरात रुजलेल्या जयपूर-अत्रौली गायकीला त्याचा उपयोग बेताचाच. शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेले अल्लादियाखाँ १९४६ मध्ये वारले. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही. शिष्या केसरबाई केरकरांनी मात्र एकेक राग साडेतीन मिनिटांत असा बसवला की सांधण्याजोगे काही उरलेच नाही. (त्यांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’बरोबर अंतराळात गेली!) जुन्या चेंजरचे गोठलेले ग्रीस स्पिरिटने पुसून, कडक झालेले रबरी चाक बदलून तो चालू केला, तरी केसरबाईंची तबकडी मी एकटीच लावतो. वरून पडणाऱ्या दुसरीचा आघात लाखेला सोसत नाही. आणि भैरवीनंतर दुसरा राग मला.