पिनकोड ४१६१०६ : टपालाचा भरवसा

कृष्णा-पंचगंगेच्या संगमानजीक वसलेल्या, एकेकाळी पटवर्धनांच्या संस्थानाचे ठाणे असलेल्या कुरुंदवाडचा पिनकोड ४१६१०६. यातील पहिला अंक टपाल विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा वर्गवारीचा जिल्हा, तर अखेरचे तीन अंक वाटप करणारे कार्यालय दर्शवितात. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

ख्यालीखुशालीची पत्रे मोबाइलने संपविली. तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. टपालाचे खरे महत्त्व आज नोटिशीत आहे. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ च्या कलम २७ नुसार योग्य पत्ता लिहून, पुरेसे टपालशुल्क भरून रजिस्टरने पाठविलेले पत्र रीतसर पोहोचले, असे गृहीत धरले जाते. तसे झाले नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पत्ताधारकावर येते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कुरुंदवाडला पाण्याने वेढले होते. अशा दिवसांत तारखांचा हिशेब जपून ठेवलेला बरा! २०२५ मध्ये रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, तरी पोचपावती जपण्याचे कारण संपलेले नाही.

त्याच वर्षी टपाल खात्याने दहा अक्षर-अंकांचा ‘डिजिपिन’ आणला. सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला त्यात स्वतंत्र संकेतांक आहे. तो नेहमीच्या पत्त्याची जागा मात्र घेत नाही. पाकिटावर पत्ता आणि पिनकोड लिहावाच लागतो.