ताजुद्दीन : एका नावाचा अर्थ आणि इतिहास

उमरेड रस्त्यावरील ताजबाग ठाऊक नाही असा नागपूरकर विरळाच. बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे भाविक जातात. त्यांत ख्रिस्ती माणसेही असतात. परंतु ज्या नावावरून त्या स्थळास नाव मिळाले, त्याचा अर्थ काय, ते आले कोठून, याचा विचार आपण क्वचितच करतो. नाव ऐकताच माणसाला एका कप्प्यात टाकून मोकळे होण्याच्या आजच्या काळात तो विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

'ताज' आणि 'दीन' या दोन शब्दांना 'अल्' या अरबी उपपदाने जोडून हे नाव सिद्ध झाले आहे. 'अल्'मधील लकार पुढील दकारात मिळून जातो. आपल्याकडे 'तत्' आणि 'लीन' यांचे 'तल्लीन' व्हावे, तसाच हा प्रकार. 'ताज' म्हणजे मुकुट. हा शब्द मूळचा फारसी, पण अरबीने फार पूर्वी आपलासा केलेला. 'दीन' म्हणजे धर्म. त्याचा दुसरा अर्थ न्याय. अरबी भाषक ख्रिस्ती लोकांच्या शुभवर्तमानात न्यायाच्या दिवसासाठी हाच शब्द येतो, आणि 'देव माझा न्यायाधीश' या अर्थाच्या दानिएल या हिब्रू नावाशी त्याचे धातूचे नाते आहे. एकंदरीत ताजुद्दीन म्हणजे धर्माचा मुकुट.

अशी नावे प्रारंभी नावे नव्हतीच. त्या पदव्या होत्या. दहाव्या शतकात बगदादचे खलीफा सत्ताधीशांना 'दौला' म्हणजे राज्य या शब्दाने संपणाऱ्या पदव्या देत. पुढे अकराव्या शतकापासून 'दीन' या शब्दाने संपणाऱ्या पदव्यांचा प्रसार झाला. 1187 साली जेरुसलेम जिंकणारा सलाहुद्दीन आपण इतिहासात वाचतो. त्याचे जन्मनाव होते यूसुफ, म्हणजे आपला योसेफ! दख्खनमध्ये बहामनी सुलतान फिरोजशाह (1397 ते 1422) याची पदवी ताजुद्दीन हीच होती. कालांतराने या पदव्या दरबारातून उतरून सामान्यांच्या पाळण्यापर्यंत आल्या. कर्तृत्वाबद्दल मिळणारा मान जन्मतःच दिलेला आशीर्वाद झाला.

1861 साली कामठीस जन्मलेल्या एका बालकास हा आशीर्वाद मिळाला. लहानपणीच त्याचे आईवडील गेले. तरुणपणी त्याने सैन्यात नोकरी धरली, पुढे ती सोडून विरक्ती पत्करली. लोकांनी त्याला वेडा ठरविले आणि 1892 साली त्याची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. सुमारे सोळा वर्षे तो तेथे होता. 1908 साली रघुजीराजे भोसले यांनी त्याला तेथून सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणले. मुसलमान फकिरास मराठा राजाने आपल्या घरी ठेवून घेतले, ही गोष्ट नागपूरने विसरू नये. 17 ऑगस्ट 1925 रोजी बाबांचे देहावसान झाले. मुकुटाचे नाव धारण करणाऱ्याच्या मस्तकी मुकुट कधी आला नाही. मराठीत 'दीन' म्हणजे गरीब. हा संस्कृत शब्द अगदी वेगळा, केवळ उच्चार सारखा. तरीही दीनांचा ताज हा अर्थ बाबांच्या चरित्रास शोभून दिसतो.

आता आपल्या घरात पाहू. स्तेफन या नावाचा अर्थ काय? ग्रीक भाषेत 'स्तेफानोस' म्हणजे मुकुट! पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन याच नावाचा. 1616 साली 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध करून मराठीस ललामभूत ठरलेले फादर स्टीफन्स यांचे आडनावही त्यातूनच आलेले. 1845 साली नागपुरास आलेले आणि 1863 साली टाकळघाटहून परतताना पुरात बुडालेले प्रॉटेस्टंट मिशनरी स्टीफन हिस्लॉप हेही नावाने मुकुटच. स्तेफन आणि ताजुद्दीन ही अशी अर्थाने भावंडे आहेत.

अरबी नाव म्हणजे ख्रिस्तेतर नाव, हा समजही तपासून पाहावा. लेबननमधील धर्मगुरू निमतुल्ला अल्-हर्दिनी (1808 ते 1858) यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2004 साली संतपद बहाल केले. त्यांचे जन्मनाव यूसुफ. निमतुल्ला हे मठात स्वीकारलेले नाव. त्याचा अर्थ देवाची कृपा, देवाचा प्रसाद. अरबी ख्रिस्ती लोक परमेश्वराला 'अल्लाह' म्हणूनच आळवितात. संत योहान दमास्कस यांच्या घराण्याचे नाव मन्सूर, म्हणजे विजयी. आणि 1890 साली पोपमहाशयांनी त्यांना ख्रिस्तसभेचे महापंडित म्हणून घोषित केले.

स्नानसंस्काराच्या वेळी कोणते नाव ठेवावे, असा प्रश्न पालक धर्मगुरूंना नेहमी विचारतात. 1983 च्या धर्मविधानाचे 855 वे कलम एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेस परके असे नाव देऊ नये. ते नाव अमुक भाषेचेच असावे, असे त्यात म्हटलेले नाही. परकेपणा भाषेत नसतो, अर्थात असतो. म्हणून बाळाचे नाव ठेवण्यापूर्वी त्याचा अर्थ शोधावा आणि बाळ मोठे झाल्यावर तो त्याला समजावून सांगावा. आणि शेजारच्या ताजुद्दीनला हाक मारताना, आपण त्याला धर्माचा मुकुट म्हणून संबोधीत आहोत, याचेही भान ठेवावे. नावाचा अर्थ उमगला की माणसाविषयीचा संशय कमी होतो, असा आमचा विश्वास आहे.