प्रतिष्ठानचा परदेशव्यापार व पण्याध्यक्षाचा अधिकार

प्राचीन दक्षिणापथाच्या इतिहासांत राजांच्या वंशावळी, त्यांचीं युद्धें व त्यांनीं दिलेलीं दानें यांचा जितका विचार झाला आहे, तितका त्यांच्या व्यापारविषयक कारभाराचा झालेला नाहीं. परदेशचा माल कोणत्या वाटेनें यावा, त्यावर शुल्क किती असावें, कोणता माल देशाबाहेर जाऊं देऊं नये, हें ठरविणारें सरकारी खातें आज प्रत्येक राष्ट्रांत असतें. आपल्याकडे पूर्वीं हा अधिकार कोणाकडे असावा असें शास्त्रकारांनीं मानिलें, आणि तो प्रत्यक्षांत कसा चालविला गेल्यामुळें गोदातीरींच्या प्रतिष्ठाननगरीचें, म्हणजे छत्रपति संभाजीनगर (पूर्वींचें औरंगाबाद) जिल्ह्यांतील पैठणचें, काय बरेंवाईट झालें, हें प्रस्तुत लेखांत पाहण्याचें योजिलें आहे. साधनें तीन आहेत : कौटिलीय अर्थशास्त्र, ‘पेरिप्लस’ हा इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक नाविक ग्रंथ, आणि आपल्याकडील लेण्यांतील शिलालेख.

१. शास्त्रांतील अधिकारी

अर्थशास्त्राचा ग्रंथ शतकानुशतकें केवळ अवतरणांवरून ठाऊक होता. तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्यग्रंथालयास दिलेली ताडपत्राची पोथी इ. स. १९०५ मध्यें आर. शामशास्त्री यांनीं ओळखिली व १९०९ मध्यें मूळ ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. पुढें १९६० मध्यें प्रा. र. पं. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें काढिली. एका पोथीनें आपल्या राज्यकारभाराच्या ज्ञानांत केवढी भर घातली, हें संग्राहकांस निराळें सांगावयास नको.

या ग्रंथाच्या ‘अध्यक्षप्रचार’ नामक दुसऱ्या अधिकरणांत व्यापाराशीं संबंध असलेले तीन अधिकारी मुख्यतः येतात. पहिला पण्याध्यक्ष. जलमार्गानें व स्थलमार्गानें येणाऱ्या मालाच्या किंमतींतील अंतर, लोकांची आवडनावड, माल केव्हां सांठवावा व केव्हां विकावा, हें सर्व त्यानें जाणलें पाहिजे. परदेशचा माल अनुग्रह करून, म्हणजे सवलत देऊन, आणवावा. नाविक व सार्थवाह यांस पुढील लाभावर नजर ठेवून करमाफी द्यावी. परकीय व्यापाऱ्यांवर पैशाच्या व्यवहारासाठीं सहसा फिर्याद चालूं देऊं नये, असें त्यास सांगितलें आहे. आपला माल परदेशीं पाठवावयाचा तर शुल्क, वाटेची वर्तनी, रक्षकांचा खर्च, नावेचें उतार-भाडें व परराजाचा हिस्सा हे सर्व वजा जाऊन कांहीं शिल्लक उरते कीं नाहीं, याचा हिशेब त्यानें आधीं करावयाचा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, लाभ कितीही मोठा असला तरी तो प्रजेस अपायकारक होत असेल तर सोडून द्यावा, अशी स्पष्ट मर्यादा त्याच्या अधिकारास घातलेली आहे.

दुसरा शुल्काध्यक्ष. नगराच्या महाद्वाराजवळ त्याची शुल्कशाला व तिच्यावर ध्वज असावा. तेथें चारपांच अधिकाऱ्यांनीं व्यापारी कोण, कोठला, माल किती व त्यावर मुद्रा कोठें झाली, हें लिहून घ्यावें. मुद्रा नसल्यास दुप्पट शुल्क, खोटी मुद्रा असल्यास आठपट दंड. बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः किंमतीचा पांचवा हिस्सा शुल्क सांगितलें आहे. कित्येक मालांस याहून हलके दर आहेत. शस्त्रें, कवचें, धातु, रत्नें, धान्य व पशु यांची निर्यात वर्ज्य आहे. उलट दुर्मिळ बीं-बियाणें व राष्ट्रास मोठा उपकार करणारा माल शुल्काशिवाय येऊं द्यावा, असें म्हटलें आहे. तिसरा अधिकारी नावध्यक्ष. वादळानें मोडलेल्या नौकेस त्यानें पित्याप्रमाणें आश्रय द्यावा आणि पाण्यानें भिजलेल्या मालावर निम्में शुल्क घ्यावें किंवा मुळींच घेऊं नये.

अनुग्रह व निग्रह अशीं दोन अंगें या सर्व व्यवस्थेंत दिसतात. व्यापाऱ्यास ओढून आणावयाचें, पण मोकाट सोडावयाचें नाहीं. स्वदेशी मालावर शेंकडा पांच व परदेशी मालावर शेंकडा दहा नफा घेण्यास व्यापाऱ्यांस जी मुभा चौथ्या अधिकरणांत दिली आहे, तिचें धोरणही हेंच.

२. यवन नाविकाची साक्ष

परंतु शास्त्रांत लिहिलें म्हणून व्यवहारांत झालें असें मानणें योग्य नव्हे. सातवाहनांचे लेख गोवर्धन येथील विष्णुपालित, श्यामक इत्यादि अमात्यांचीं नांवें देतात. पण पण्याध्यक्ष हें अधिकारपद त्यांत येत नाहीं. म्हणून प्रत्यक्ष स्थितीसाठीं पेरिप्लसकडे वळलें पाहिजे.

त्याच्या ५१ व्या कलमांत दक्षिणापथांतील दोन मोठ्या पेठा सांगितल्या आहेत. एक पैठण, बरिगाझाच्या म्हणजे भरुकच्छाच्या (भडोचच्या) दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर. पैठणहून गोमेदादि खडे पुष्कळ प्रमाणांत व तेरहून जाडेंभरडें कापड आणि नाना प्रकारच्या मलमली, हीं सर्व गाड्यांत घालून मोठ्या बिकट, रस्ता नसलेल्या मुलुखांतून भडोचला नेत असत. तेथें येणाऱ्या मालांत इटलीचें मद्य, तांबें, कथील, शिसें, पोंवळें, काच व सोन्यारुप्याचीं नाणीं असत.

आतां प्रश्न असा कीं, घाट उतरून कल्याण किती तरी जवळ असतां पैठणचा माल वीस दिवसांची वाट तुडवून भडोचला कां जावा? नाणेघाटाची वाट तर सातवाहनांनींच आपल्या लेखांनीं अलंकृत केलेली. उत्तर पुढच्याच, ५२ व्या कलमांत आहे. थोरल्या सरगनसाच्या (सातकर्णीच्या) वेळीं कल्याण ही रीतसर कायदेशीर पेठ होती. पण तें संदनेसाच्या हातीं गेल्यापासून तेथील व्यापारास फार अडथळा झाला असून, तेथें एखादें ग्रीक जहाज आलेंच तर तें पहाऱ्यांत भडोचला नेलें जातें, असें ग्रंथकार सांगतो.

हा संदनेस कोण, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पुराणांच्या यादींतील सुंदर सातकर्णि तो हाच, असें कित्येक म्हणतात. दुसरे त्यास क्षत्रपपक्षाचा अधिकारी मानितात. आमच्या मतें दुसरा पक्ष अधिक ग्राह्य आहे. भडोच त्या वेळीं मन्बनोस या राजाकडे होतें, व तो नहपान क्षत्रप होय असें बहुतेकांनीं मानिलें आहे. कल्याण सातवाहनाच्या हातीं असतें, तर आपल्या बंदरांत आलेलें जहाज पहारा देऊन शत्रूच्या शुल्कशालेस पोंचविण्याचें त्यास कांहींच प्रयोजन नव्हतें. जहाज ज्याच्या नाक्यावर नेलें, बंदी त्याच्याच हिताची होती.

३. बंद बंदर व मोफत तरी

या अनुमानास नाशिकच्या लेण्यांतून एक बळकटी मिळते. नहपानाचा जांवई उषवदात आपल्या लेखांत सांगतो कीं, त्यानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग येथें धर्मशाळा बांधिल्या. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहानुका या नद्यांवर पैसा न घेतां नावेनें उतरण्याची सोय केली. या नद्या नकाशावर पाहिल्या तर त्या बहुतेक भडोच व सोपारा यांच्या दरम्यान समुद्रकांठच्या वाटेंत आडव्या येतात. लेखाचा हेतु धर्माचा आहे व तो खोटा मानण्याचें कारण नाहीं. तथापि पेरिप्लसचें ५२ वें कलम व हा लेख शेजारीं ठेविले असतां एकाच राज्याचें दुहेरी धोरण नजरेस येतें : दक्षिणेकडचें बंदर बंद, आणि उत्तरेकडच्या बंदरास जाणारी वाट मोफत. निग्रहानें व्यापार वळविला आणि अनुग्रहानें तो नव्या वाटेवर स्थिर केला.

याच घराण्याचा हात आंतल्या पेठांपर्यंत पोंचला होता. उषवदातानें गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक व एक हजारावर पाऊण टक्का व्याज ठरलें होतें. कापड विणणारा, त्याची श्रेणि, वाट, नदीवरची नाव व बंदर ही अखंड सांखळी त्या काळीं एका सत्तेखालीं आली होती.

येथें अर्थशास्त्राशीं एक विरोध लक्षांत घेण्यासारखा आहे. कौटिल्य राजाच्या स्वदेशी मालाची विक्री ‘एकमुख’ असावी म्हणतो, परंतु परदेशी मालाची ‘अनेकमुख’ असावी असें सांगतो. हें विधान विक्रीच्या ठिकाणांविषयींचें आहे, बंदरांविषयींचें नाहीं, हें खरें. तरी त्यामागील विचार असा कीं, परदेशी माल एकाच तोंडानें आला तर तें तोंड ज्याच्या हातीं त्याची मक्तेदारी होते व प्रजेस महागाई सोसावी लागते. क्षत्रपांनीं नेमकें परदेशव्यापाराचें तोंड एक केलें. त्याचा भार प्रतिष्ठानच्या व्यापाऱ्यांवर पडला. आपल्या खड्यांवर त्यांस दूरचें गाडीभाडें भरावें लागे व वर शत्रूच्या राज्यांतील शुल्कही द्यावें लागे. पलीकडे रोमन साम्राज्यही स्वस्थ नव्हतें. तांबड्या समुद्रावरील ल्यूकी कोमी येथें आयातीचा चौथा हिस्सा वसूल करणारा अधिकारी असे, असें पेरिप्लसच सांगतो. आणि व्हिएन्नास असलेल्या, १९८५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मुझिरिस-पपायरसावरून हा चतुर्थांशाचा कर दुसऱ्या शतकांतही चालू असल्याचें दिसतें.

सातवाहन-क्षत्रप युद्धाकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. हें युद्ध केवळ कुलाभिमानाचें नव्हतें. त्यांत बंदराच्या किल्लीचाही प्रश्न होता. १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें सांपडलेल्या नहपानाच्या सुमारें १३,२५० रुप्याच्या नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप उठविला आहे. व्यापाऱ्याच्या थैलींतील नाणें न वितळवितां त्यावर नुसती मुद्रा पालटणें, हेंही विजयी राजाचें व्यापारधोरणच होय. त्यानंतरच्या काळांतील कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांचीं नांवें पुष्कळ येतात. त्यावरून तें बंदर पुन्हां नांवारूपास आलें असें दिसतें.

४. उत्तरकालीन साम्य

हें धोरण पुढें नाहींसें झालें असें नव्हे. १६७१ मध्यें शिवछत्रपतींनीं कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस लिहिलेलें मिठाच्या जकातीचें पत्र वाचकांस परिचित आहेच. पोर्तुगीज अंमलांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडूं लागल्यानें संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडेल, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्यांतील आशय आहे. स्वदेशी उत्पादकाचें रक्षण करण्यासाठीं शुल्क वाढविण्याचें मराठी राज्यांतील हें ठळक उदाहरण होय.

स्वतंत्र भारतांत १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यानें बराच काळ निग्रहाचें अंग प्रबळ होतें. १९९१ मध्यें आयात-निर्यातीच्या मुख्य नियंत्रकाच्या कचेरीचें विदेश व्यापार महासंचालनालय झालें, व १९९२ च्या नव्या कायद्याच्या नांवांतच ‘विकास’ व ‘नियमन’ हे दोन शब्द जोडीनें आले. कौटिल्याच्या अनुग्रह-निग्रहांचीच ही जोडी आहे. व्यापाऱ्याचा नोंदणी-क्रमांक, निर्यातीस परवाना लागणाऱ्या युद्धोपयोगी वस्तूंची यादी, निर्यातदारास शुल्काची सूट, या गोष्टींचें मूळ शोधावयास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं.

५. संग्राहकांस विनंति

हा विषय पुढें नेण्यास ग्रंथांपेक्षां वस्तूंचा उपयोग अधिक होणार आहे. कन्नड तालुक्यांतील पितळखोऱ्याच्या लेण्यांत प्रतिष्ठानच्या गंधिक कुळांतील मितदेवानें दिलेल्या खांबाचा लेख आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी केवढा संपन्न होता, हें तेवढ्या एका ओळीनें कळतें. नाणेघाटांतील दगडी रांजण जकातीचा, असें लोक परंपरेनें मानितात. मात्र त्यावर तसा लेख नाहीं, व परंपरेस पुरावा म्हणून पुढें करणें बरें नव्हे. खरा पुरावा लहान आणि कुरूप असतो. पैठण, तेर यांसारख्या जुन्या वसाहतींच्या पांढरीवर पावसाळ्यानंतर मातीच्या मुद्रा, शिशाचीं नाणीं व खड्यांचे तुकडे उघडे पडतात. मुद्रेच्या पुढच्या बाजूची अक्षरें सर्वजण पाहतात. परंतु तिच्या पाठीवर दोरीचा, कापडाचा किंवा वेताचा जो ठसा उमटलेला असतो, त्यावरून ती पत्रावर होती, गांठोड्यावर होती कीं पेटीवर, हें समजतें. शुल्काध्यक्षाच्या मुद्रेचा प्रत्यक्ष पुरावा मिळावयाचा तर तो या पाठीवरच. ती पाठ घासून स्वच्छ केली कीं पुरावा गेला. म्हणून मुद्रा धुऊं नयेत, शिशाचें नाणें काळवंडलें म्हणून टाकूं नये, आणि वस्तु कोणत्या गांवीं, कोणत्या जागीं मिळाली, याचा कागद तिजपासून वेगळा करूं नये. सर्वांत उत्तम म्हणजे जागा न हलवितां पुरातत्त्व खात्यास वर्दी द्यावी.

दफ्तरांच्या बाबतींतही हीच गोष्ट आहे. घराण्यांच्या रुमालांतून सनदा व पत्रें जपलीं जातात आणि जकातीच्या यादी, दस्तकें व नाक्यांचे हिशेब रद्दींत जातात. वास्तविक राजाचा पराक्रम सनदेंत दिसेल. पण त्याच्या राज्यांत गाडीवानास, विणकरास व नाविकास काय सोसावें लागलें आणि काय मिळालें, हें या फुटकळ कागदांवांचून कळण्याचा मार्ग नाहीं. प्रतिष्ठानची वीस दिवसांची वाट एका नाविकानें टिपून ठेविली म्हणून आपणांस ठाऊक झाली. नाक्यावरच्या आपल्या लेखकांनीं टिपलेलें जें शिल्लक असेल, तें आपण तरी नष्ट होऊं देऊं नये.