कावडीतलं पाणी

मागचे दोन शनिवार काहीच लिहिलं नाही, त्याचं कारण आधी सांगतो. मी चिंचवडहून पेणजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. चालत! नव्वदेक किलोमीटर, पाच दिवस. आणि मग नऊ दिवस तिथेच राहिलो. ऑफिसात एकाने विचारलं, "नवस बोलला होतास का रे?" दुसऱ्याने विचारलं, "राजीनामा देतोयस का?" खरं सांगायचं तर निमित्त एका पुस्तकाचं होतं.

विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' आपल्यापैकी बऱ्याच जणांनी नावापुरतं ऐकलेलं असतं. पेण तालुक्यातल्या वरसईचा हा भिक्षुक ब्राह्मण. १८५७ साली वय तिशीच्या आसपास, घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, लाखो रुपये खर्च होणार आहेत, अशी बातमी कोकणात आली. चार पैसे दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, म्हणून काकांना बरोबर घेऊन भटजी निघाले. म्हणजे आजच्या भाषेत ऑनसाइटच की! मला हे वाचताना हसू आलं, आणि मग एकदम आलं नाही. कारण माझ्या मेलबॉक्समध्येही दोन वर्षांच्या ऑनसाइटची ऑफर पडून होती, घराचे हप्ते चालू होते, आणि गावी बाबा एकटे होते.

भटजींच्या काळी आगगाडी नव्हती असं नाही. १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत आली होती. पण घाट चढून थेट पुण्याला जाणारी गाडी १८६३ मध्ये सुरू झाली. म्हणजे भटजी निघाले तेव्हा इंजिनाची शिट्टी घाटाखाली येऊन थांबलेली होती, पुढे आपले पाय. महूच्या आसपास त्यांना शिपायांकडून कळलं की आता मोठी गडबड होणार आहे. शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता. हे फिरले नाहीत. कर्ज होतं ना!

पुढे ते झाशीत अडकले. मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने वेढा घातला, एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं, आणि कत्तल व लूट सुरू असताना भटजी जीव मुठीत धरून लपून बसले. मिळवलेले पैसे लुटले गेले. या माणसाचं मला फार कौतुक वाटतं ते इथे. तो स्वतःला कुठेच शूर म्हणत नाही. घाबरलो, रडलो, लपलो हे सरळ सांगतो. सगळं लिहून काढलं ते मात्र खूप नंतर, १८८०च्या दशकात, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून. पुस्तक छापून आलं १९०७ मध्ये, तेव्हा भटजी हयात नव्हते. तेही वैद्यांनी बरीच काटछाट करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली.

आता माझं. पहिल्या दिवशी मी चाललो ते प्रोजेक्ट असल्यासारखं. तासाला किती किलोमीटर, किती बाकी, संध्याकाळी तळेगावात बसून चक्क आकडेमोड. दुसऱ्या दिवशी कामशेतच्या अलीकडे टाचेला फोड आला आणि आकडे गेले उडत. लोणावळ्यापर्यंत डोक्यात फक्त पाऊल होतं. घाट उतरताना, चौथ्या दिवशी, एक गोष्ट न बोलावता वर आली. मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो की वेळ नाही म्हणून गावी जाणं होत नाही. ते खोटं होतं. बाबा हल्ली एकच गोष्ट तीनदा सांगतात, चुलीवर दूध ठेवून विसरतात. ते बघायची मला भीती वाटत होती, म्हणून मी जात नव्हतो. गाडीने तीन तासांत पोचलो असतो तर हे कळलं नसतं, कारण तीन तास मी गाणी ऐकत बसलो असतो.

पोचलो तेव्हा बाबा अंगणात वाल निवडत बसले होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "किती दिवस आहेस?" माझं नेहमीचं उत्तर असतं, "उद्या निघतो." या वेळी म्हणालो, "बघू." ते काही बोलले नाहीत.

गावातले नऊ दिवस म्हणजे काही स्वर्ग नव्हता. दुपार सरता सरत नाही. नेटवर्कसाठी देवळापर्यंत जावं लागतं. तिसऱ्या दिवशी मी चिडचिड करत होतो. पण बाबांनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा लक्षात आलं की दर वेळी तीत एखादं नवं माणूस येतं. पहिल्यांदा आजोबा, मग आजोबांचा सावकार, मग सावकाराची मुलगी. घाई असती तर मी पहिल्याच वेळी "हो, सांगितलंत" म्हटलं असतं. आणि हो, दुधाकडे आता शेजारच्या काकू लक्ष ठेवतात, मी विचारल्यावर लगेच हो म्हणाल्या. हे वर्षभरापूर्वीच विचारता आलं असतं.

गोडसे भटजी परत आले तेव्हा फारसे पैसे नव्हते. खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड होती. शेकडो कोस वाहून आणलेल्या त्या पाण्याने त्यांनी आई-वडिलांना स्नान घातलं. निघाले होते कशासाठी आणि आणलं काय!

मी बाबांसाठी काहीच आणलं नव्हतं. पहिल्याच रात्री त्यांनी माझी टाच बघितली, उठले, पाणी तापवलं, मीठ घातलं आणि घमेलं माझ्या पायाशी ठेवलं. "घाल पाय," म्हणाले. दूध विसरणारा माणूस मीठ विसरला नाही.

ऑनसाइटचं अजून ठरलेलं नाही. हप्ते भरायचेच आहेत, उगाच साधूपणाचा आव आणत नाही. फक्त मॅनेजरला "वेळ द्या" असं लिहिलंय, आणि या वेळी त्यामागचं खरं कारणही लिहिलंय.

असो. टाच बरी आहे. पुढच्या शनिवारी भेटू.