अवतरणचिन्हाआधीचे अवतरण (थ्रेड)

शेवगावच्या एका अंगाला नेवासे, गोदावरीपलीकडे पैठण. कोणते शब्द कोणाचे, हा मराठीतला जुना आणि गंभीर वाद याच टापूत निवडला गेला.

शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिची रचना पाहा: संजय धृतराष्ट्राला सांगतो आहे, त्या सांगण्यात कृष्ण अर्जुनाशी बोलतो आहे, आणि मध्येच ज्ञानदेव स्वतः श्रोत्यांकडे वा निवृत्तिनाथांकडे वळतात. अवतरणाच्या पोटात अवतरण! तरी जुन्या पोथीत अवतरणचिन्ह एकही नाही. बोलणारा ओळखायचा तो 'म्हणे'सारख्या क्रियापदावरून किंवा संबोधनावरून.

यात मोठी जोखीम होती. नकलकाराने स्वतःची ओवी मध्ये घातली, तर ती परकी म्हणून उठून दिसण्याची सोयच नव्हती. शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) पैठणच्या एकनाथांनी पाठ शोधून शुद्ध केला, आणि यात यापुढे कोणी आपली ओवी घालू नये, असे शेवटी बजावले. चिन्ह नव्हते, म्हणून ताकीद द्यावी लागली.

अवतरणचिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छापखान्याबरोबर. त्याचे श्रेय सहसा मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते.

आता आजचे पान, म्हणजे वेबपान. एचटीएमएलमध्ये छोट्या अवतरणासाठी 'क्यू' आणि लांब उताऱ्यासाठी 'ब्लॉककोट' हे घटक आहेत. 'क्यू'भोवतीची चिन्हे ब्राउझर स्वतः काढतो. आत दुसरा 'क्यू' आला की सहसा दुहेरीच्या जागी एकेरी चिन्ह येते. गंमत अशी की जावास्क्रिप्टने त्या घटकाचा मजकूर वाचला, तर चिन्हे हाती लागत नाहीत. ती मजकुरात नसतातच! तेवढेच शब्द उचलून दुसरीकडे ठेवले की आपण पुन्हा पोथीच्या काळात.

दोन्ही घटकांना 'साइट' नावाचा गुणधर्म असतो. त्यात उगमाचा पत्ता लिहायचा. मात्र ब्राउझर तो वाचकाला दाखवत नाही; स्क्रिप्टने तो वाचून उताऱ्याखाली मुद्दाम छापावा लागतो. बहुतेक जण इथेच आळस करतात.

ज्ञानेश्वरीच्या बाबतीत नुसता ग्रंथाचा पत्ताही अपुरा आहे. वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये त्यांच्या मते एकनाथपूर्व असलेली प्रत प्रसिद्ध केली, आणि तिचा पाठ प्रचलित प्रतीशी सर्वत्र जुळत नाही. तेव्हा ओवी उद्धृत करताना अध्याय आणि ओवी क्रमांकासोबत प्रत कोणती, तेही लिहा.